श्री न लिहिणारं पेन

"पेन मुकं असू शकतं का, बुवा?"

गुंडाबुवा ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बोलकं असतं का?" त्यांनी विचारलं.

विचारणारा अंगणात उभा होता.

त्याचं नाव भालचंद्र टंकसाळे. सांगलीत त्याचा छापखाना होता. पण लोक त्याला ओळखत ते जुन्या शाईपेनांमुळे. एवढी जुनी पेनं आपल्या भागात दुसऱ्या कुणाकडे नाहीत, असं तो स्वतःच सांगायचा. आणि ते खरं होतं.

नदीच्या वळणावर बुवांचा मठ होता. मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि पुढे काळ्या दगडाचं अंगण. समोरच्या काठावर स्मशान. गावातली माणसं दुपारी बाराच्या सुमाराला नदीकडे फिरकत नसत. भालचंद्र नेमका त्याच वेळी आला होता.

त्याच्या हातात एक लाकडी पेटी होती. ती त्याने जपून खाली ठेवली.

"काय आहे? दागिने?"

"त्याहून मोलाचं."

"मग उन्हात का ठेवलंस? सावलीत घे."

भालचंद्रने पेटी ओसरीवर घेतली आणि उघडली. आत मखमलीवर पेनं निजवलेली होती. काळी, तपकिरी, एखादं हिरवं. सगळी जुनी. सगळी कुणीतरी वापरलेली.

"नवं पेन मी घेत नाही," तो म्हणाला. "नवं पेन कोरं असतं. त्यात माणूस नसतो. वर्षानुवर्षं एकाच हातानं लिहिलं की निब त्या हातासारखी झिजते. मला नुसती निब दाखवा, बुवा. तो माणूस दाबून लिहायचा की हलक्या हातानं, रागीट होता की भित्रा, सगळं सांगतो."

"आणि ही मिळतात कुठे?"

"घरोघरी. पेपरात निधनाच्या बातम्या येतात ना... मास्तर, वकील, कारकून. तेरावा झाला की मी जातो. घरच्यांना त्या पेनाचं काही नसतं. बरेचदा पोरांनी त्यानं बाहुलीच्या घराला कडी केलेली असते."

बुवा हसले. "म्हणजे कावळ्यानंतर तू."

भालचंद्रला ते लागलं. पण तोही हसला.

"मी त्यांना जिवंत ठेवतो, बुवा. मी निब घासून माझ्या हाताजोगी करत नाही. माझाच हात तिच्याजोगा करतो. मामलेदारांचं पेन घेतलं की मामलेदारांसारखं अक्षर येतं. बाईंचं घेतलं की बाईंसारखं. ही विद्या सगळ्यांना जमत नाही."

"खरंय," बुवा म्हणाले. "मग मुकं कोणतं?"

भालचंद्रचा चेहरा उतरला. त्याने पेटीकडे हात नेला नाही. शर्टाच्या खिशातून एक पेन काढलं.

ते काळं होतं. जाड. टोपणावर ना नाव, ना कडी. तो ते दोन बोटांत, अंगापासून लांब धरून होता.

"हे पेटीत का नाही?"

"ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या सगळ्या पेनांची शाई वाळली होती."

बुवांनी तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"सांग."

"हे मुतालिकनानांचं. खोलवडीच्या वरच्या अंगाला राहायचे. खोलवडी म्हणजे आमच्या आईचं गाव, तिथून जवळच. पूर्वी तिकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की नानांना बोलावणं जायचं. पाहुण्यांना कळवायची कार्डं तेच लिहायचे. घरातल्या लोकांचे हात चालत नसत ना त्या वेळी... नानांनी त्या कामासाठी एक पेन वेगळं ठेवलं होतं. ते हे."

"तशा कार्डावर वर काय लिहितात?"

"काही नाही. तेच तर..." भालचंद्रने ओठ ओले केले. "खुशालीच्या पत्रावर आधी वर श्री असतं. मयताच्या कार्डावर श्री लिहीत नाहीत. कार्ड हातात आलं, वर श्री दिसलं नाही, की कळतं. माणसं ते दाराबाहेर उभ्यानंच वाचतात, वाचून फाडतात आणि आंघोळ करतात."

"हं."

"या पेनानं सगळं लिहिता येतं, बुवा. इतकी सुरेख निब मी आयुष्यात पाहिली नाही. लोण्यावरून जावी तशी चालते. पण श्री उमटत नाही. जीभ धुतली, निब काढून बसवली, शाई बदलली. काही उपयोग नाही. श्री लिहायला गेलं की कागदावर नुसता ओरखडा. पुढच्या शब्दाला शाई पुन्हा वाहते."

निबच्या खाली एक काळी पट्टी असते. तिच्यावरून शाई उतरते. पेनवाले तिला जीभ म्हणतात. बुवांनी पेन हातात न घेता वाकून त्या जिभेकडे पाहिलं.

"तू श्री कधी लिहितोस?"

"मी?"

"तूच."

"पेन चालतं का बघायचं असलं की. सगळेच लिहितात, बुवा. नवीन निब लावली, शाई भरली, की रद्दी कागदावर आधी श्री. चालली की झालं."

"आणि?"

"आणि काय?"

बुवा तांदूळ निवडत राहिले. नदीच्या पलीकडे धूर सरळ वर जात होता. वारा नव्हता.



"मी पेन दुरुस्त करून घ्यायला आलो नाही, बुवा," भालचंद्र हळू म्हणाला. "मला माहीत आहे, पेनाला काही झालेलं नाही."

"मग कशाला आलास?"

"उद्या माझा तेरावा आहे."

बुवांचे हात थांबले.

*

भालचंद्रची आई खोलवडीला एकटी राहायची. तिला कानांनी अजिबात ऐकू येत नव्हतं. त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. भालचंद्र तिला दर सोमवारी एक कार्ड टाकायचा.

"कुठल्या पेनानं?" बुवांनी विचारलं.

"जे हाताशी येईल त्यानं. दर वेळी वेगळं. निब चालती राहते."

"म्हणजे आईला पत्र जायचं ते निब चालती राहावी म्हणून."

भालचंद्रने पेटीचं झाकण लावलं.

"आई काही म्हणायची?"

"एकदा म्हणाली होती... तुझं अक्षर कुणाला देऊन टाकलंस रे? मी हसलो होतो."

एका सोमवारी त्याने मुतालिकनानांचं पेन घेतलं. कार्डावर वर श्री लिहिलं. उमटलं नाही. त्याला वाटलं, शाई अजून उतरली नसेल. खालच्या ओळीला निब वाहू लागली आणि तो लिहीतच गेला. कार्ड भरलं. ते त्याने टपालपेटीत टाकलं.

"काय लिहिलं होतंस?"

"नेहमीचंच असेल."

"भालचंद्र, काय लिहिलं होतंस?"

"आठवत नाही, बुवा. खरंच आठवत नाही. निब फार छान चालत होती. मी तिच्याकडेच बघत होतो."

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

"पुढे?"

"आईनं कार्ड बघितलं. वर श्री नाही. खाली परकं अक्षर. तिनं ते वाचलं, फाडलं, विहिरीवर जाऊन आंघोळ केली. पुढच्या आठवड्यात मी गावी गेलो, तर दाराबाहेर अंगणाच्या बुटक्या भिंतीवर पान मांडलेलं. भात, दही, मला आवडतं म्हणून वांग्याचं भरीत. मी दारात उभा राहिलो. म्हटलं, आई, मी आलो. तिनं माझ्याकडे बघितलं..."

"ओळखलं नाही?"

"ओळखलं. म्हणूनच मागे सरली."

भालचंद्रने काळं पेन पुन्हा खिशात घातलं.

"शेजारच्या इंदूकाकू धावत आल्या. हातवारे करून सांगायला लागल्या, अहो हा तुमचा भालू, जिवंत आहे. तर आई त्यांना म्हणाली, तुलाही दिसतो का? मग त्याला पाणी हवं असेल. आणि तिनं भिंतीवर पाण्याचा तांब्या ठेवला."

"हात धरायचा होतास."

"पुढे झालो की ती मागे होते. म्हणते, सुतक आहे, शिवू नको. मी कागदावर लिहून दाखवलं, मी जिवंत आहे. तिनं अक्षर बघितलं आणि कागद पालथा घातला. दुसऱ्या पेनानं लिहिलं. तिसऱ्या पेनानं लिहिलं. प्रत्येक वेळी कागद पालथा. म्हणाली, किती जणांना धाडतोस रे?"

नदीवर एक टिटवी ओरडून गेली.

"भटजी तेराव्याला यायला तयार नाहीत. आई म्हणते, मी एकटी करीन. रोज दुपारी पान मांडते. कावळा येतो, भिंतीवर बसतो, पानाला शिवत नाही. मग ती पानापुढे हात जोडून विचारते, काय राहिलं रे तुझं? सांग. करीन मी."

"तू तिथे असतोस?"

"आज सोडून रोज. होडीनं जातो, समोर उभा असतो."

"मग तू काय सांगतोस?"

"मी ओरडून सांगतो. मी जिवंत आहे, आई, मी जिवंत आहे."

"ते तिनं विचारलं का?"



"उद्या तेरावा झाला की ती मला पोचवून मोकळी होईल, बुवा. मग मी तिच्यापुढे उभा राहिलो तरी ती बघणार नाही. तिच्या लेखी मी गेलेला असेन. आणि काल रात्रीपासून मलाच..." तो थांबला. "छापखान्यात पावतीवर सही करायची होती. माझी सही मला येईना."

*

बुवा उठले. रांजणातलं पाणी तांब्यात घेऊन ते अंगणात गेले. काळा दगड उन्हानं तापला होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"बस. बोट बुडव. श्री लिही."

"दगडावर?"

"इथे निब नाही. जीभ नाही. लिही."

भालचंद्रने बोट बुडवलं आणि दगडावर श्री लिहिलं. मोठं, डौलदार, वेलांटीला मागे लांब शेपूट.

"हे कुणाचं?"

भालचंद्र दचकला.

"हे... मामलेदारांचं. कागलच्या."

दगडावरचं पाणी कडेनं आत आत सुकत गेलं. आधी शेपूट गेलं, मग वेलांटी, मग सगळं.

"पुन्हा."

आता गोल, ठेंगणं श्री आलं.

"हे?"

"एका शाळेतल्या बाईंचं. त्या मुलींना कित्ता घालून द्यायच्या."

"पुन्हा."

घाईघाईचं, एका झटक्यात ओढलेलं.

"तलाठी. मिरजेकडचे."

"पुन्हा."

थरथरतं. कापऱ्या हाताचं.

"नाव नाही माहीत. शेवटी शेवटी त्यांना सही करता येत नव्हती, असं घरचे म्हणाले."

"पुन्हा."

भालचंद्रच्या कपाळावर घाम आला. एकामागून एक अक्षरं दगडावर येत होती आणि जात होती. जणू माणसं एकेक करून उन्हात येऊन उभी राहत होती, तोंड दाखवून निघून जात होती. त्याचं स्वतःचं कुठे नव्हतं.

"पुन्हा."

बोट दगडाला लागलं. बारीक, उभा, स्वच्छ श्र उमटला. वेलांटीसाठी बोट वर गेलं आणि थांबलं. भालचंद्रने जोर केला. नख वाकलं. बोट हलेना. पाण्याचा एक थेंब दगडावर पडला आणि वाळला.

"बुवा... हे नानांचं."

"हो."

"ते लिहू देत नाहीत."

"नानांचं कार्ड कुणी लिहिलं रे?"

"काय?"

"नाना गेले तेव्हा. कार्डं कुणी लिहिली?"

भालचंद्र आठवू लागला. "कुणीच नाही. मागे फक्त पुतण्याची बायको होती. तिनंच मला पेन दिलं. ते दाराबाहेर कोनाड्यात होतं, घरात कधी आणत नसत. ती म्हणाली, गावातल्या सगळ्यांची कार्डं त्यांनी लिहिली, त्यांचं मात्र राहून गेलं..."

तो बोलता बोलता थांबला.

बुवा नदीकडे बघत होते.

"पुन्हा लिही," ते म्हणाले.

"माझ्यानं होत नाही."

"नको होऊ दे. तू बसलेला राहा. हात लिहील."

भालचंद्रने डोळे मिटले. बोट पाण्यात बुडवलं. बराच वेळ ते नुसतं दगडावर टेकून होतं. मग सरकलं. पण खाली नाही. आधी वर गेलं. रिकाम्या जागी आधी वेलांटी काढली. मग तिच्या खाली, जरा वाकडा, पोरकट श्र.

त्याने डोळे उघडले. दगडाकडे बघितलं.

"हे कुणाचं?" बुवांनी विचारलं.

"आईनं... मी चार वर्षांचा असेन. मी श्र लिहायचो आणि वेलांटी विसरायचो. म्हणून तिनं माझा हात धरून उलटं शिकवलं. म्हणायची, भालू, आधी छत्री उघडायची. मग खाली उभं राहायचं. म्हणजे भिजत नाही. शाळेत मास्तरांनी मारून मारून ते मोडलं."

दगड कोरडा झाला होता.

"सुकलं, बुवा. आता मी काय घेऊन जाऊ?"

बुवांनी उरलेलं पाणी तुळशीला घातलं.

"शेवटची होडी सुटेल," ते म्हणाले. "पळ."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलवडीला आईनं भिंतीवर पान मांडलं. भात, दही, भरीत. शेजारी तांब्या. भटजी आले नव्हते. इंदूकाकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

कावळा आला. भिंतीच्या टोकाला बसला. पानाकडे बघेना.

आईनं हात जोडले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी ती मोठ्यानं म्हणाली, "आज शेवटचं विचारते. काय राहिलं रे तुझं?"

भालचंद्र समोर उभा होता. आज तो ओरडला नाही.

त्याने पुढे होऊन भिंतीवरच्या तांब्यात बोट बुडवलं. आई मागे सरली. तो खाली धुण्याच्या दगडापाशी बसला. आधी वेलांटी काढली.

आईचे जोडलेले हात तसेच राहिले.

मग वेलांटीखाली त्याने श्र लिहिला. वाकडा. पोरकट.

तो उठला नाही. दगडाकडेच बघत बसला. पाणी कडेनं सुकायला लागलं.

सावली पडली. आई येऊन वाकली होती. तिनं त्या ओल्या वेलांटीवर बोट ठेवलं. मग तेच बोट त्याच्या बोटाला लावलं. दाबून बघितलं.

"छत्री आधी काढलीस," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"मेल्या, कार्डावर काढायला काय झालं होतं?"

इंदूकाकू रडायला लागल्या. आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि तिलाही रडू आलं, आणि मधेच हसूही आलं.

"मला तेव्हाच जरा खटकलं होतं. 'गेले' असं लिहिलेलं. गेले! माझ्या भालूला कोण एवढा मान देतंय? हा कधी एवढा मोठा झाला? पण म्हटलं, परक्या माणसानं लिहिलंय, लिहिलं असेल अदबीनं. कोण गेलं ते नाव नव्हतंच त्यात. पण मला तुझ्याखेरीज कुणाचं कार्ड येतं?"

भालचंद्रच्या अंगावर काटा आला.

"चल. आंघोळ कर आधी. मग आत ये, पान वाढते. ते भिंतीवरचं राहू दे."

भालचंद्रने शर्ट काढून भिंतीवर टाकला आणि विहिरीवर गेला. नंतर तो आत जाऊन बसला. आईनं समोर पान वाढलं. भाताची वाफ त्याच्या तोंडावर आली. किती दिवसांनी त्याला भूक लागली होती.

पहिला घास त्याने तोंडात घातला आणि दारातून बाहेर बघितलं.

कावळा भिंतीवरून चालत आला होता. शर्टापाशी थांबला. खिशातून पेनाचं काळं टोपण वर दिसत होतं. कावळ्यानं मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग तो पानापाशी गेला आणि भाताला शिवला.

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. तिनं पोराकडे बघितलं. तो तर समोर जेवत होता. मग तिनं बाहेर बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "आता हा कुणासाठी शिवला?"

*

भालचंद्र पुन्हा मठात आला तेव्हाही दुपारच होती. बुवा ओसरीवर वाती वळत होते. त्याने पेटी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं.

बुवांनी ऐकून घेतलं.

"जेवलास ना पोटभर?"

"जेवलो. सोमवारचं कार्ड आता बॉलपेननं लिहितो. अक्षर वाईट येतं. आई म्हणते, हे बरं आहे, हे तुझं."

"मग आता काय?"

भालचंद्रने खिशातून ते काळं पेन काढलं. आता त्याने ते नीट, सबंध मुठीत धरलं होतं.

"त्या दिवशी सकाळीच मी यात शाई भरली होती. संध्याकाळी उघडलं तर आत थेंब नाही. टाकी धुतल्यासारखी स्वच्छ. शर्टाला डाग नाही, भिंतीवर डाग नाही."

"हं."

"कावळा शिवला, बुवा. पण मी तर आत बसलो होतो. मग ते पान कुणाचं होतं?"

"कार्ड कुणाचं होतं?"

भालचंद्र ओसरीच्या कडेला टेकला. नदीकडे बघत राहिला. पलीकडे आज धूर नव्हता.

थोड्या वेळाने त्याने पेन बुवांपुढे ठेवलं. "आता लिहील का हे श्री?"

"लिहून बघ."

भालचंद्रचा हात पेनाकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला.

"नको," तो म्हणाला. "नुसतं पेन चालतं का बघायला श्री... नको."

बुवांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. वातींचं तबक बाजूला सारलं.

"नानांचं झालं, बुवा," भालचंद्र म्हणाला. त्याला हलकं वाटत होतं. "सुटले ते. मीही सुटलो."

भालचंद्रच्या पायाशी पेटी बंद होती. आत काहीतरी हललं. लाकडावर लाकूड घासावं तसा, अगदी बारीक आवाज. एकदा. मग पुन्हा.

भालचंद्रने पाय मागे घेतले.

बुवांनी हात पुढे करून पेटीचं झाकण उघडलं. आत मखमलीवर पेनं निजलेली होती. काळी, तपकिरी, एखादं हिरवं.

"विचार यांना," बुवा म्हणाले. "काय राहिलं म्हणून."